एकदा न तापलेली तार

मी एक तार बोलतेय. सतारीची नाही आणि विजेचीही नाही. मी प्लॅटिनमची तार आहे, चार बोटं लांब, काच वितळवून तिच्या दांडीत बसवलेली. टोकाशी मला वळवून मोहरीच्या दाण्याएवढं कडं केलंय. डेन्मार्कमधल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी अडुसष्ट वर्षं नोकरी केली. सध्या काचेच्या पेटीत पडून आहे. येणारे-जाणारे वाकून बघतात आणि ‘किती नाजूक!’ म्हणतात. मला हसू येतं. नाजूक म्हणे! दिवसातून शंभर वेळा लालभडक तापून निघालेय मी.

माझं काम सांगायला सोपं आहे. आमच्याकडे काचेच्या नळ्या होत्या. नळीत आगरचा, म्हणजे खाणं मिसळलेल्या घट्ट जेलीचा, तिरका थर, त्या थरावर हिरवं शेवाळ, तोंडाला कापसाचा बोळा. दर तीन महिन्यांनी नळीतलं खाणं संपत येई. मग जुन्या नळीतलं चिमूटभर हिरवं उचलून नव्या नळीत ठेवायचं. ते उचलणारी मी. प्रत्येक नळीआधी मला ज्योतीत धरायचं, लाल होऊ द्यायचं, पाच आकडे मोजून गार करायचं आणि मग आत घालायचं. काम झालं की परत ज्योतीत. म्हणजे एका नळीतलं काहीही माझ्या अंगाला चिकटून दुसरीत जायला नको. ज्योत ही माझी अंघोळ. तिची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती न केलेल्या अंघोळीची. तेच सांगायला बसलेय.

शेवाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहीर येते किंवा तळ्याची पायरी येते. आमचं शेवाळ मातीतलं. बीटच्या शेतातली, बीच झाडांच्या रानातली, समुद्राकाठच्या वाळूतली, कुठलीही चमचाभर माती आणा, तिला क्षारांचं पाणी पाजा, खिडकीत ठेवा. तीन आठवड्यांत ती हिरवी होते. इतके जीव त्या कोरड्या मातीत मुकाट बसलेले असतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर सगळे सारखेच, हिरव्या गोळ्या नुसत्या. कोण कुणाचा, कुठल्या घराण्यातला, काही कळत नाही. ते कळायला एकेक गोळी वेगळी काढायची, तिला स्वतंत्र नळी द्यायची आणि महिनोन् महिने तिच्यावर डोळा ठेवायचा. ती लहानपणी कशी दिसते, पोहते का, म्हातारपणी कुठला रंग धरते, हे सगळं कागदावर चितारायचं. मग कुठे तिचं नाव ठरतं. आणि जो कुणी पहिल्यांदा असं वर्णन छापतो, त्याचं आडनाव त्या नावाच्या शेपटीला कायमचं लागतं. पुढची शंभर वर्षं जो कुणी ते शेवाळ लिहील, त्याला ते आडनावही लिहावं लागतं.

मला प्रोफेसर ओस्टरलुंड यांनी कोपनहेगनहून आणवलं, एकोणीसशे एकतीस साली. मोठा कडक माणूस. पण पहिली तेवीस वर्षं मी सांगत बसत नाही, त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खरी गोष्ट सुरू होते थोरापासून.

थोरा क्यार चौपन्न साली आमच्याकडे मदतनीस म्हणून आली. फ्युन बेटावरची मुलगी, एकोणीस वर्षांची, रुंद पंजांची. पहिल्याच दिवशी तिने मला उचललं आणि मला कळलं की हा हात वेगळा आहे. थरथर नाही, घाई नाही. ज्योतीत धरताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटे, “आधी आणि नंतर.” सहाशे नळ्या होत्या आमच्याकडे. इतरांच्या हातून दहात एखादी नासायची, बुरशी शिरायची. थोराच्या हातची कधीच नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्याच्या हातून चूक होईल, त्याने शुक्रवारी तीनच्या कॉफीला सगळ्यांसाठी केक आणायचा. मागे कुजबुज नाही, वरिष्ठांकडे चहाडी नाही. केक टेबलावर ठेवायचा. कुणीतरी विचारायचं, “कोण चुकलं?” मग चुकणाऱ्याने उभं राहून काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. सगळे पोट धरून हसत, केक खात, आणि बशी पुसली की चूकही पुसली. पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. मला ही रीत फार आवडायची. माणसांनीही आपली ज्योत शोधून काढलीय, असं वाटायचं.

सात वर्षांत थोराने एकदाही केक आणला नव्हता.

सत्तावन्न साली डॉक्टर अग्नेटे लिंडहोल्ट आल्या. उंच, सडपातळ, केस कायम विस्कटलेले, खिशात कायम एक चमचा. सायकलला पत्र्याच्या डब्या लटकावून त्या देशभर हिंडायच्या आणि चमचा-चमचा माती आणायच्या. प्रोफेसर चिडवायचे, “लिंडहोल्टबाई, देश पोखरून काढाल हो तुम्ही. आम्हाला उभं राहायला जागा ठेवा.” बाई म्हणायच्या, “साहेब, तुमच्या खुर्चीखालचीही माती घ्यायचीय मला. पण तुम्ही उठाल तेव्हा ना!”

साठ सालच्या शरदात बाई पश्चिमेकडच्या माळरानावर गेल्या. नुसती वाळू आणि खुरटी झुडपं. तिथली चमचाभर माती त्यांनी आणली. तिच्यातून चार महिने खपून एकच गोळी वेगळी काढली. तिच्या पोटात हिरवा रंग होता तो गोल नव्हता, त्याला फाटे फुटलेले, अगदी चांदणीसारखा. बाईंनी ती आधी पाहिली, मग थोराला दाखवली. दोघी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या, तेही कॉफी थंड होईपर्यंत. त्या गोळीची नळी क्रमांक दोनशे तेरा. आम्ही सगळे तिला चांदणीच म्हणायचो.

एकसष्टचा मार्च. शुक्रवार, पावणेतीन वाजलेले. थोरा कामाला बसली होती. दोनशे बारा झाली. ती रोस्किल्डेजवळच्या बीटच्या शेतातली होती, अगदी सामान्य चीज. तिच्या पेशी चार-चारच्या गठ्ठ्याने राहत, म्हणून तिला चौकडी म्हणत. कुठल्याही शेतात पायलीला पन्नास मिळेल अशी. तिच्यानंतर चांदणी. चांदणीची तेव्हा एकुलती एक नळी होती. जोडीची दुसरी नळी त्याच दिवशी करायची होती.

तेवढ्यात प्रोफेसर स्वतः केक घेऊन आत आले. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

“कोण चुकलं?” अग्नेटेबाई ओरडल्या.

“मी,” प्रोफेसर कान पकडल्यासारखा चेहरा करून म्हणाले. “पंधरा दिवस एका शेवाळाचं चित्र काढत होतो. आज कळलं, तो भिंगावरचा लोण्याचा डाग होता.”

हसून हसून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रोफेसर थोराकडे वळले. “आणि आमच्या थोराबाई? त्यांच्या हातचा केक आम्हाला या जन्मी मिळायचा का?”

थोराही हसत होती. गाल लाल झाले होते. “माझ्या हातून चूक होईल तेव्हा मिळेल, साहेब,” ती म्हणाली. म्हणता म्हणता तिने दोनशे तेराचा बोळा काढला, मला आत घातलं, हिरवं उचललं, नव्या नळीत ठेवलं.

आणि मी गार होते.

दोनशे बारानंतर मी ज्योतीत गेलेच नव्हते. चौकडीचा हिरवा लेप माझ्या कड्याला तसाच होता. तोच घेऊन मी चांदणीच्या घरात शिरले, आणि तिथून तिच्या नव्या घरात.

थोराने सवयीने मला ज्योतीकडे नेलं आणि मध्येच तिचा हात थांबला. तिने मला डोळ्यांसमोर धरलं. मी नेहमी लाल होऊन राखाडी होते, त्या दिवशी तशी नव्हते. तिला कळलं. मी शपथेवर सांगते, तिला त्याच क्षणी कळलं. तिच्या बोटांतून थंडगार घाम माझ्या दांडीवर उतरला.

नियम साधा होता. शंका आली की दोन्ही नळ्या फेकायच्या. पण दोन्ही फेकल्या की चांदणीच गेली. बाईंचे चार महिने गेले. आणि बाजूच्या टेबलावर सगळे केक खात होते, तिच्या त्या वाक्यावर अजून हसत होते. मला वाटलं, आता ही उठेल, सांगेल. पुढच्या शुक्रवारी केक आणेल, बाई दोन दिवस रुसतील, मग सायकल काढून पुन्हा माळावर जातील. तेव्हा माळ होता अजून.

थोराने मला ज्योतीत धरलं. आठ, नऊ, दहा... कितीतरी मोजलं तिने. मग मला जागेवर ठेवलं, नळीवर चिठ्ठी लावली, नोंदवहीत लिहिलं, ‘२१२, २१३, ठीक.’ आणि कॉफीला गेली.

मी तिला दोष देतेय असं समजू नका. तिला जीभ होती, तिने वापरली नाही. मला जीभच नव्हती, पण ते विष वाहून नेणारी मीच होते. आम्ही दोघींनी मूग गिळले.

उन्हाळ्यात बाई एका सकाळी नाचतच आल्या. “थोरा! अगं, इकडे ये! ही रूप पालटते!”

थोरा जागची हलली नाही.

“महिनाभर चांदणी असते,” बाई सांगत होत्या, “आणि आगर सुकायला लागला की चार-चारच्या गठ्ठ्यात बसते, नारिंगी होते. एकच जीव आणि दोन रूपं! हे कुणीच पाहिलेलं नाही गं!”

“बाई...” थोरा म्हणाली. “नळी शुद्ध असेल ना?”

बाई खदखदून हसल्या. त्यांनी थोराचे दोन्ही हात हातात घेतले. “तुझ्या हातची नळी आणि अशुद्ध? मग मी उद्यापासून सूर्यावरही शंका घेते.”

बोलायची वेळ तीच होती. तिने केसांवरून हात फिरवला आणि नळ्या धुवायला गेली.

त्रेसष्ट साली बाईंचं काम छापून आलं. अठरा चित्रं होती, चांदणी ते चौकडी, पायरीपायरीने. मधल्या पायऱ्याही बाईंनी काढल्या होत्या. माणसाला एकदा दिसायला लागलं की मधलंही दिसतं, त्यांनी लबाडी केली नव्हती. लांबलचक लॅटिन नाव आणि त्याच्या शेवटी लिंडहोल्ट. प्रोफेसरांनी ते पान भिंतीला लावलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘थोरा क्यार यांच्या निर्दोष हातांची मी ऋणी आहे.’ थोराची खुर्ची त्या भिंतीसमोर होती. काही दिवसांनी तिने टेबल फिरवून घेतलं. खिडकीचा उजेड हवा म्हणाली.

तीन वर्षांनी स्वीडनमधल्या एका संशोधकाचं पत्र आलं. त्याने आमच्याकडून नळी मागवली होती, तिच्यातल्या एकेक पेशी वेगळ्या करून वाढवल्या होत्या. चांदणीची मुलं चांदणीच निघाली आणि चौकडीची चौकडीच. हे एक शेवाळ नाही, दोन आहेत, असं त्याने सभ्य शब्दांत लिहिलं होतं. छापलं मात्र तितक्या सभ्यपणे नाही.

प्रोफेसरांनी बाईंना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“लिंडहोल्ट, मूळ नळी स्वच्छ होती का?”

“थोराला विचारा. तिने सांगितलं तर माझ्या डोळ्यांपेक्षा मी तिच्यावर विश्वास ठेवीन.”

प्रोफेसर दारात आले. “थोरा?”

मी तिच्या हातात होते. तिचा अंगठा माझ्या दांडीवर इतका घट्ट रुतला की काच मोडते की काय असं वाटलं.

“स्वच्छ होती, साहेब,” ती म्हणाली.

मग बाई लढल्या. सभांमध्ये उभ्या राहिल्या. नळी शुद्धच होती, स्वीडिश माणसाच्या हातून काहीतरी बिघडलं, असं ठणकावून सांगत राहिल्या. पुन्हा माळावर गेल्या, तर सरकारने तिथे पाइनची झाडं लावली होती. तीन वेळा माती आणली, चांदणी काही सापडली नाही. लोक पाठीमागे त्यांना ‘रूपं पालटणारी बाई’ म्हणायला लागले, आणि मग तोंडावरही. त्या वर्षी व्याख्यात्याची जागा निघाली. ती त्यांच्यासाठीच होती असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्यालाच मिळाली.

सदुसष्टच्या जूनमध्ये बाई दक्षिणेकडच्या एका गावी शाळेत शिकवायला निघून गेल्या. जाताना त्यांनी थोराचा हात हातात घेतला. “तू माझ्यासाठी खूप उभी राहिलीस,” त्या म्हणाल्या. “दोष माझ्या डोळ्यांचा. मनात धरू नकोस.” सायकलला त्या दिवशी डब्या नव्हत्या.

त्या शरदात थोराने आणखी एक गोष्ट केली. ती फक्त मला ठाऊक होती. दोनशे बाराची पाळी आली तेव्हा तिने मला उचललं, ज्योतीत लाल केलं आणि तसंच खाली ठेवलं. पुढच्या पाळीलाही तसंच. नळीतला आगर सुकून पापुद्रा झाला, चौकडी तपकिरी पडली. तिने नोंदवहीत लिहिलं, ‘२१२, मृत.’ म्हणजे दोनशे तेरातली चौकडी तिच्याशेजारी ठेवून ताडून बघायची सोयच उरली नाही. मी तेव्हा तिच्यावर खरंच संतापले. एका चुकीपर्यंत मी तिच्या बाजूची होते.

दोनशे तेरा मात्र तिने जपली. बत्तीस वर्षं. आजारी असली तरी त्या पाळीला यायची, दुसऱ्या कुणालाही त्या नळीला हात लावू द्यायची नाही. प्रत्येक वेळी मी आत जाई आणि दोघींना एकत्र उचलून आणी. नव्याण्णव साली ती निवृत्त झाली. त्याच वर्षी प्लास्टिकच्या तारा आल्या, एकदा वापरा आणि फेकून द्या. त्यांना ज्योत लागत नाही. मला खणात टाकलं.

दोन हजार पाच साली खण उघडला एब्बे नावाच्या तरुण संशोधकाने. भला पोरगा. आता तिथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, प्रोफेसरलाही. ते मला थोडं जड जातं. तो जुन्या वाणांचे आनुवंशिक धागे वाचत होता. मला टेबलावर ठेवून त्याने फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून थोराचा आवाज आला. म्हातारा झाला होता, तरी मी ओळखला.

“थोरा, मी एब्बे. तुझी दोनशे तेरा वाचली गं मी. स्वीडनवाला बरोबर होता. दोन आहेत.”

“हं,” थोरा म्हणाली.

“गंमत पुढे आहे. त्यातली चौकडी अगदी सामान्य निघाली. पण चांदणी अजून जगात कुणालाच सापडलेली नाही! नवी कोरी!”

“मग ती अग्नेटेबाईंचीच ना?”

“तेच तर सांगतोय. लिंडहोल्टने दोघींचं मिळून एकच नाव ठेवलं. मूळ गोळी कुठली आणि घुसखोर कुठली, हे कुणाला सांगता येत नाही. दोन्ही माळावरच्या मातीतूनही आलेल्या असू शकतात. मग असं नाव बाद करतात, आणि चांदणीला नवं नाव देतात.”

“कोण देतं?”

एब्बे जरा लाजला. “मीच देणार. पुढच्या महिन्यात पाठवतोय छापायला. तुला फक्त विचारायचं होतं, तेव्हाच्या नोंदवह्या कुठे आहेत? आणि शुक्रवारी ये ना. जुनी खोली आम्ही बंद करतोय, कॉफी ठेवलीय. लिंडहोल्टलाही बोलावलंय. एकोणऐंशीची आहे, पण येते म्हणाली.”

 मग थोरा म्हणाली, “वह्या खालच्या कपाटात आहेत. एकसष्टची काढून ठेव.”

तो आठवडा मला फार जड गेला. चांदणीच्या नावाला जेमतेम एवढं शेपूट उरलं होतं, लिंडहोल्ट. बाईंना त्यांच्या सगळ्या आयुष्याबद्दल तेवढंच मिळालं होतं. तेही आता जाणार होतं. आणि ते वाचवू शकणारं माणूस जगात एकच होतं. दुसरी मी होते, पण मी खणाशेजारी पडलेली एक तार.

शुक्रवारी तीन वाजता बाई काठी टेकत आल्या. केस पांढरे, पण विस्कटलेले तसेच. पाच-सहा तरुण मंडळी होती. शेवटी थोरा आली. तिच्या हातात मोठं ताट होतं, फडक्याने झाकलेलं. तिने ते टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि फडकं काढलं. फ्युनचा केक होता, वरून लोणी आणि तपकिरी साखर ओघळलेली.

रीत अजून जिवंत होती. एब्बे हसत म्हणाला, “अरे वा! कोण चुकलं?”

थोरा बसली नाही. “मी,” ती म्हणाली.

पोरं हसायला लागली. “तू तर सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालीस!”

“एकसष्टच्या मार्चमध्ये. शुक्रवारी. पावणेतीनला.” ती बाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. “दोनशे बारानंतर मी तार तापवली नाही. तशीच दोनशे तेरात घातली. मला लगेच कळलं होतं. मी सांगितलं नाही. प्रोफेसरसाहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. नंतर दोनशे बारा मुद्दाम मारली, कुणाला कळू नये म्हणून.” तिने श्वास घेतला. “चौकडी रोस्किल्डेच्या बीटच्या शेतातली आहे. चांदणी बाईंची. वहीत त्या दिवशीचा क्रम आहे. मी लिहून आणलंय, सही करून.”

तिने पिशवीतून कागद काढून एब्बेपुढे ठेवला. कुणी हसलं नाही. आमच्या खोलीत चुकीची कबुली ऐकून कुणी हसलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. एब्बेने तो कागद दोनदा वाचला. त्याचा स्वतःचा नवा जीव त्या कागदाने हिरावून घेतला होता, हे त्याला कळलं असणार. पण तो म्हणाला, “एवढं पुरे आहे. नाव वाचतं.”

बाई ताटाकडे बघत होत्या.

“चव्वेचाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “शिळा झाला गं केक, थोरा.”

“हो, बाई.”

“मी आरशात बघून स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालायची. पोरांना शाळेत साधं कांद्याचं साल दाखवतानाही दोनदोनदा भिंगात बघायची. खरंच दिसतंय का मला, म्हणून.” त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. “मी तुझी साक्ष काढली होती. तुझी!”

थोरा उभीच होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसत नव्हती.

पोरांपैकी कुणीतरी हळूच केक कापला, बशा भरल्या. बाईंपुढेही एक ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली आणि काठी माझ्याकडे रोखली. “ती तीच तार ना? एब्बे, ज्योत आहे का इथे?”

एब्बेने धावपळ करून कुठून तरी जुना बर्नर आणला. त्याने वेगळी काढलेली निव्वळ चांदणीची नळी बाईंनी मागून घेतली, एक नवी नळीही.

“थोरा,” त्या म्हणाल्या, “कर.”

थोराने मला उचललं. तोच हात, आता सुरकुतलेला. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“आधी,” बाई म्हणाल्या.

मी ज्योतीत गेले. सहा वर्षांनी. लाल झाले, पांढरी झाले.

“मोज.”

“एक, दोन, तीन, चार, पाच.”

मी आत गेले, चांदणी उचलली, नव्या घरात ठेवली.

“आणि नंतर,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा तापले. थोराने मला खाली ठेवलं. बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि थोराकडून नाव लिहून घेतलं, पूर्ण, शेवटच्या लिंडहोल्टसकट. मग कोट चढवला. केकला हात लावला नाही. पण जाताना ती बशी कागदी रुमालात गुंडाळून, केकसकट पिशवीत टाकली. एब्बे म्हणाला, “बशी आमची आहे गं,” तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. थोराशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. थोरा रिकाम्या खोलीत खूप वेळ बसली होती, आणि मग तिने सगळ्यांच्या बशा धुतल्या.

आता मी इथे, येण्या-जाण्याच्या वाटेवर, काचेच्या पेटीत आहे. खाली चिठ्ठी आहे, ‘प्लॅटिनमची तार, १९३१.’ मी काय केलं ते त्यात नाही. तुम्ही कुठल्याही हातांनी कुठलंही काम करत असाल, आणि एखाद्या दुपारी तुमचा हात मध्येच थांबला, तापवलं की नाही अशी शंका आली, तर माझं एवढं ऐका. दोन्ही नळ्या फेका. केक त्याच शुक्रवारी आणा. तेव्हा तो गरम असतो, आणि लोक हसतात.

थोरा अजून येते, महिन्यातून एकदा, चांदणीच्या नळ्या बघायला. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा एब्बे तिच्याकडे एक खोका घेऊन आला. दक्षिणेकडच्या एका गावाचा शिक्का होता त्याच्यावर.

“आज सकाळी आलं,” तो म्हणाला. “पत्र नाही, काही नाही. कुणी बशी पोस्टाने पाठवतं का गं?”

थोराने खोक्यातलं गवत बाजूला करून बशी बाहेर काढली. उजेडात धरली. ती रिकामी होती, आणि स्वच्छ धुतलेली होती.